थोडं राहू द्या तिच्यात

नगरजवळच्या केडगावात आज भानुदासचं नाव काढलं, तर लोक एकच गोष्ट सांगतात. रणजितच्या गाडीचं इंजिन त्यानं उडवलं. ज्यांना गाडीचं बॉनेट कसं उघडतं ते ठाऊक नाही, तेही सांगतात. टपरीवर सांगतात, वजनकाट्यापाशी सांगतात, आणि सांगून झालं की हळहळल्यासारखी मान हलवतात. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि रणजित सोडला तर ते छातीठोकपणे सांगू शकणारा माणूस मी एकटाच होतो. मी गप्प बसलो. पुढं भानुदासचं कौतुक पुष्कळ येईल, पण ते करतोय म्हणून माझ्याबद्दल कुणी चांगलं मत करून घ्यायची घाई करू नये.

माझं लेथचं वर्कशॉप पुणे रस्त्यापासून जरा आत आहे. शेजारचा पत्र्याचा गाळा बरेच दिवस रिकामा होता. तिथं भानुदास आला तेव्हा मला वाटलं, आणखी एक गॅरेज. आता दिवसभर ठोकाठोक आणि दारात काळं ऑइल. पण त्याच्या गाळ्यात ठोकाठोक अशी नव्हतीच. एक टेबल, त्यावर अर्धी बटणं पुसलेला लॅपटॉप, वायरींचं भेंडोळं आणि भिंतीला लांबलचक फळी. फरशी तो स्वतः रोज पुसायचा. मिस्त्री माणसाचे हात इतके स्वच्छ कसे, याचाच मला आधी संशय आला.

मग हळूहळू त्याचं काम कळलं. जुन्या गाड्यांना कार्ब्युरेटर असायचा. स्क्रू पिळला, आवाज ऐकला, झालं. आता इंजिनात पेट्रोल किती फवारायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे एक छोटी पेटी ठरवते. कंपनीतून गाडी निघते तेव्हा तिचे आकडे बरोबर भरलेले असतात. पण हौशी माणसानं इंजिन बदललं, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर घातले, टर्बो बसवला, की ते आकडे निरुपयोगी होतात. मग कुणीतरी बसून ते पुन्हा भरावे लागतात. इतक्या फेऱ्यांना, इतक्या ओझ्याला, इतकं पेट्रोल, ठिणगी इतके अंश आधी. असे शेकडो चौकोन असतात. त्या तक्त्याला मॅप म्हणतात, आणि तो भरणं हा भानुदासचा धंदा होता. आख्ख्या जिल्ह्यात हे काम नीट करणारा दुसरा कुणी मला तरी माहीत नव्हता.

माणूस पाथर्डीकडचा. आईबाप दर हंगामाला ऊस तोडायला जायचे आणि तोही दहावीपर्यंत निम्मं वर्ष त्यांच्याबरोबर फडात असायचा. पुढं चाकणच्या एका कंपनीत, इंजिनं तपासायच्या खोलीत, ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून लागला. इंजिनिअर लोक आकडे भरायचे, हा रीडिंग लिहून घ्यायचा. आठ-नऊ वर्षं लिहून घेता घेता, कुठल्या आकड्यानं काय होतं ते याच्या डोक्यात बसलं. कंपनीला ते कळायच्या आत ठेका संपला. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. माझ्यासारख्या माणसाला हे जरा विचित्रच वाटायचं, कारण मी कशाबद्दलही कुरकुरतो.

उंच, वाळका, शर्टाची गळ्याजवळची गुंडी कायम लावलेली. लॅपटॉपसाठी त्याच्या बायकोनं, मंगलनं, जुन्या साडीची जाड गोधडीसारखी पिशवी शिवून दिली होती. त्या पिशवीत लॅपटॉप आणि एक तांब्याची नळी असायची. नळीचं एक टोक मी त्याला चपटं करून, भोक पाडून दिलं होतं. ते टोक तो इंजिनाला बोल्टनं आवळायचा. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप, आणि पाइपाला कारखान्यात आवाजापासून वाचायला घालतात ते कानावरचे टोप. ते घालून तो गाडीत शेजारी बसायचा, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा आणि डोळे मिटायचा. पेट्रोल वेळेच्या आधी पेटलं तर इंजिनाच्या पोटात बारीक टणटण होते. आपल्याला ती ऐकू येत नाही. ती वाढत गेली तर पिस्टन जातो. भानुदासला ती पहिल्या टणत्काराला ऐकू यायची. डोळे न उघडता तो हात वर करायचा आणि चालवणाऱ्यानं पाय उचलायचा, असा दंडक होता.

त्या वेळी कुणी बोललेलं त्याला चालायचं नाही. एकदा एक गिऱ्हाईक मागच्या सीटवर बसून फोनवर बोलत होतं. भानुदासनं गाडी भर रस्त्यात थांबवायला लावली, त्या गृहस्थाला अदबीनं खाली उतरवलं, आणि येताना परत उचलून घेतलं. गाडी त्या गृहस्थाचीच होती.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. गाडी जमत आली, गिऱ्हाईक खूश झालं, की ते हमखास म्हणायचं, अजून थोडी ताकद निघेल का? निघत असायची. भानुदासलाही ते माहीत असायचं. तो म्हणायचा, "निघंल. पन थोडं राहू द्या तिच्यात." ऊन वाढतं, पेट्रोल खराब मिळतं, चालवणारा कधी चिडलेला असतो. त्यासाठी इंजिनात थोडं शिल्लक ठेवायचं, हा त्याचा नेम. चहाचा शेवटचा घोटसुद्धा तो कपात ठेवायचा. मी चिडवायचो की अरे, चहाला कसला घाट चढायचाय? तो हसायचा आणि घोट तसाच ठेवायचा.

घाटाचं सांगायचं राहिलं. कुठलीही गाडी असो, करंजी घाट दाखवल्याशिवाय तो ती मालकाच्या हातात देत नसे. तोही भर दुपारी, माणसं भरून. एकदा पाथर्डीकडचे एक जीपवाले मामा आले. त्यांनी जुन्या जीपमध्ये मोटारीचं इंजेक्शनवालं इंजिन बसवून घेतलं होतं. सपाटीला जीप पळायची आणि घाटात मधोमध गुदमरायची. तीन गॅरेजांनी पंप, प्लग, इंजेक्टर, सगळं बदलून पाहिलं होतं. भानुदासनं एकही पाना हातात घेतला नाही. मला म्हणाला, "आबा, लेथ बंद करा. माणसं लागत्यात." मी, माझे दोन कामगार, टपरीवाला, त्याच्याकडं चहा प्यायला आलेले दोघं-तिघं आणि मंगल, अशी दहा-अकरा माणसं त्यानं जीपमध्ये कोंबली. मे महिना होता. टपरीवाला सारखा विचारत होता की आपण नक्की कुणाच्या लग्नाला चाललोय.

घाटाच्या मध्यावर जीप गुदमरली. भानुदास पुढं पायाशी उकिडवा बसला होता. लॅपटॉपकडं बघत त्यानं मामांना विचारलं, आत्ता बाहेर हवा किती गरम असेल? मामा म्हणाले, चाळीस धरा. "हिला ऐंशी वाटायलीय," भानुदास म्हणाला. हवेची उष्णता मोजणारा सेन्सर कुणीतरी सायलेन्सरच्या नळीला खेटून बसवला होता. घाटात नळी तापली की पेटीला वाटायचं हवाच तापून विरळ झाली, आणि ती पेट्रोल तोडायची. त्यानं तो सेन्सर एक वीतभर लांब, तारेनं बांधला. त्याच अकरा माणसांना घेऊन जीप एका दमात वर गेली. मामांनी वर पोचल्यावर खाली उतरून त्याचे पाय धरायचा प्रयत्न केला आणि हा माणूस लाजून जीपच्या पलीकडं पळाला.

त्याच्या तिरकसपणाचाही एक नमुना सांगतो. पुण्याहून एक साहेब आले होते. त्यांना गाडीच्या सायलेन्सरमधून फटफट आवाज हवे होते, हल्ली ती टूम आहे. भानुदासनं शांतपणे समजावलं की न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं, त्याचा तो आवाज. "त्याला आमी बिघाड म्हनतो, साहेब. काढून पायजे असंल तर सांगा." साहेब तडक निघून गेले. मंगल दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

आता फळीचं. घाट दाखवून आणलेल्या प्रत्येक गाडीचा एक प्लग तो काढून घ्यायचा, नवा घालायचा, आणि जुन्यावर पांढऱ्या रंगानं गाडीचा नंबर लिहून फळीवर उभा करायचा. प्लगच्या टोकाचा रंग बघून इंजिनाच्या आत काय चाललंय ते कळतं. बिस्किटासारखा रंग म्हणजे ठीक. फळीवर तसे शे-दीडशे प्लग ओळीनं उभे होते. तेवढीच त्याची मिजास. आणि गाडी देताना मालकाला नारळ, हळदकुंकू आणि एक पेन ड्राइव्ह द्यायचा. त्यात त्या गाडीच्या मॅपची प्रत. बाकी ट्यूनर लोक पेटीला पासवर्ड घालतात, म्हणजे दुसऱ्या कुणाला आकडे बघताही येत नाहीत आणि बदलताही येत नाहीत. मी त्याला शंभरदा सांगितलं, कुलूप घाल. तो म्हणायचा, गाडी मालकाची तर आकडेही मालकाचेच, त्याच्या घराला मी कुलूप कसं लावू? हा त्याचा वेडेपणा त्याला भोवला. पण तो वेडेपणा होता हे म्हणायचा अधिकार मला उरलेला नाही.

आमचा धंदा एकमेकांत गुंतलेला होता. त्याला लागणारी सगळी बारीकसारीक कामं माझ्याकडं यायची. फ्लँज, अॅडॉप्टर, इंजेक्टरच्या बैठका. काम हातात घेतलं की तो कडेवरून नख फिरवायचा. कापलेल्या धातूची धारदार कड घासून बोथट करायची, त्याला आम्ही कड मोडणं म्हणतो. मी ती दोनदा मोडतो. एकदा नेहमीसारखी आणि दुसऱ्यांदा अगदी केसभर, म्हणजे हाताला लागत नाही. हे माझ्या वडिलांनी शिकवलेलं. नगरमध्ये दुसरं कुणी एवढी उस्तवार करत नाही. भानुदास म्हणायचा, "आबा, तुमची कड मी डोळे झाकून वळखीन." हे ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

रणजितला त्याच्याकडं मीच नेलं. श्रीगोंद्याकडचं मोठं बागायतदार घराणं. त्याचे चुलते तिकडच्या एका साखर कारखान्याचे संचालक. माझ्या वर्कशॉपचं निम्मं काम त्या कारखान्याचं होतं. शाफ्ट, बुश, रोलरची कामं. चुलत्यांच्या शब्दावर मिळालेलं आणि त्यांच्याच शब्दावर टिकलेलं. रणजितनं एका छोट्या गाडीला टर्बो बसवला होता आणि त्याला धावपट्टीवरच्या शर्यतीत उतरायचं होतं. मी म्हटलं, आमच्या शेजारी एक हिरा आहे. हिरा हाच शब्द वापरला होता.

पहिल्याच दिवशी रणजितनं गावाची चौकशी केली. भानुदासचे आईबाप कुणाच्या फडात असायचे ते निघालं. रणजित मोठ्यानं हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, मग तू आमचाच माणूस निघालास की. भानुदासनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

"ऊस तुमचा हुता," तो म्हणाला.

तीन आठवडे तो त्या गाडीवर बसला. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. हवा जितकी जास्त तितकं पेट्रोल जास्त लागतं, आणि ते बरोबर वेळेला पेटलं पाहिजे. भानुदासनं दाबाची एक हद्द ठरवली, तिथपर्यंतचे सगळे चौकोन भरले आणि ठिणगीचे दोन अंश हातचे राखले. घाट दाखवला. मी मागं बसलो होतो. गाडी अशी चढली की माझी पाठ सीटला चिकटली. रणजित खूश होता, पण त्याला अजून हवं होतं. भानुदासनं नेहमीचं वाक्य म्हटलं. रणजितनं ते ऐकून घेतलं, नारळ घेतला, पेन ड्राइव्ह घेतला.

शर्यतीच्या दोन दिवस आधी भानुदास भाचीच्या लग्नाला पाथर्डीला गेला. त्या दुपारी रणजित माझ्याकडं आला. त्याला पितळेची एक बारीक गोळी हवी होती. करंगळीच्या पेराएवढी, मधून आरपार सुईएवढं भोक. ती कशासाठी हे मला विचारावं लागलं नाही. टर्बोचा दाब हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून एक झडप असते आणि तिला दाब कळावा म्हणून एक रबरी नळी जाते. त्या नळीत अशी गोळी बसवली की झडपेला खरा दाब कळत नाही, आणि टर्बो हवा कोंबतच राहतो. मी विचारलं, भानुदासला ठाऊक आहे का? रणजित म्हणाला, त्यालाच विचारून करतोय. वरून ठिणगीचे ते दोन अंशही मित्राच्या लॅपटॉपवरून आपण आताच काढून घेतल्याचं त्यानं हसत सांगितलं.

भानुदासला स्वतःला काही हवं असलं की तो कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आकृती काढून आणायचा, मापं लिहून, दोनदा तपासून. त्याच्याकडून आलेलं काम तोंडी कधी येत नसे. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी मी पितळेचा तुकडा लेथच्या चकमध्ये धरला. दहा मिनिटांचं काम. आणि सवयीनं कड दोनदा मोडली.

शर्यतीत तिसऱ्या धावेला इंजिन गेलं. पांढरा धूर, गाडी आडवी, लोकांची पळापळ. रणजितला काही झालं नाही. संध्याकाळच्या आत त्याचा व्हिडिओ आख्ख्या जिल्ह्याच्या मोबाइलवर होता आणि खाली लिहिलेलं होतं, केडगावच्या मिस्त्रीची करामत.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोवर घालून भानुदासच्या गाळ्यात आणली. रणजितबरोबर सात-आठ जण होते. लग्नाची हळद भानुदासच्या शर्टाला तशीच होती. त्यानं कुणाला काही न विचारता इंजिन उघडलं. एका पिस्टनला रुपयाएवढं भोक पडलेलं. प्लग काढला तर त्याच्या टोकावर पांढरे चमकते ठिपके, वितळलेल्या अॅल्युमिनिअमचे. त्यानं विचारलं, दाब किती दिला होता? रणजित म्हणाला, तू दिलास तेवढाच.

भानुदासनं लॅपटॉप जोडला. पेटीतला मॅप उघडून स्वतःच्या प्रतीशी ताडून बघितला. एकेक चौकोन. गाळ्यात कुणी बोलत नव्हतं, त्याला आवडायची तशी शांतता होती. आकडा न् आकडा त्याचाच निघाला. रणजितनं पेन ड्राइव्हवरची प्रत पेटीत परत भरून ठेवली होती. भानुदासनं विश्वासानं दिलेल्या नारळाबरोबरची ती प्रत.

"मॅप माझाच हाय," भानुदास म्हणाला.

मग तो वाकून टर्बोपाशी काहीतरी बघायला लागला. आमच्याकडं पाठ होती. रबरी नळी त्यानं चाकूनं कापली. जरा वेळानं सरळ झाला तेव्हा त्याची डावी मूठ मिटलेली होती. हे मला नंतर आठवलं; त्या वेळी मी त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळत होतो. रणजितचा एक मित्र म्हणाला की कोयत्याच्या हातात लॅपटॉप दिला की असंच व्हायचं. लोक हसले. मी हसलो नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येतं.

भानुदास माझ्याकडं वळला. सगळ्यांसमोर, अगदी सावकाश विचारलं.

"आबा, मी गावाला हुतो तवा हिचं काही काम तुमच्याकडं आल्तं का?"

रणजित माझ्याकडं बघत होता. तो धमकीचं काही बोलला असता तर बरं झालं असतं, मला राग तरी आला असता. तो नुसता बघत होता, आपल्या माणसाकडं बघावं तसा. मला कारखान्याचे शाफ्ट दिसले, दोन कामगार दिसले, धाकट्या मुलीची फार्मसीची राहिलेली तीन वर्षं दिसली. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही कारण म्हणून चालणार नाही.

"नाही," मी म्हणालो.

भानुदासनं मान हलवली. डावा हात खिशात घालून बाहेर काढला, आणि रणजितला म्हणाला की इंजिन मी भरून देतो. हात जोडून म्हणाला. रणजितनं मोठ्या मनानं नको म्हटलं. चार लोकांत त्याचंही कौतुक झालं.

त्यानंतर भानुदासच्या गाळ्यासमोर गाडी थांबली नाही. पाथर्डीचे जीपवाले मामा तेवढे एकदा मुद्दाम येऊन बसून गेले. मी वर्कशॉपचं त्या बाजूचं दार बंद ठेवायला लागलो, धूळ येते म्हणून. मंगल येता-जाता पूर्वीसारखीच विचारायची, आबा, चहा टाकू का? तिला काही माहीत नव्हतं. मी नको म्हणायचो. आमच्या घरी बायकोनं एकदाच विचारलं, खरंच भानुदासकडून चूक झाली असेल हो? मी म्हटलं, इंजिनाचं काही सांगता येत नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीनंतर त्यानं गाळा सोडला. टेम्पो भरून झाला तेव्हा तो माझ्याकडं आला. मी लेथवर होतो. चालू लेथवर बोलायचं नाही हे त्याला ठाऊक, म्हणून मी मशीन बंद करेपर्यंत उभा राहिला. मी जरा जास्तच वेळ लावला. मग त्यानं खिशातून पितळी गोळी काढली आणि लेथच्या बेडवर ठेवली.

"ही तुमची. माझ्याकडं राहिल्ती."

मी ती उचलून पाहिली. शेवटी विचारलं, कधी सापडली? नळी कापली तेव्हाच, तो म्हणाला. रणजित बाकी सगळं पुसून बसला होता, पण तापून गोळी नळीत आत सरकली आणि त्याला ती काढता आली नव्हती. मी म्हटलं, मग दाखवली का नाहीस तेव्हाच? त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नव्या गाडीकडं बघायचा तसं, हिला काय झालंय म्हणून.

"माझी समदी कामं तुमच्या लेथवर व्हत्यात, आबा. ते म्हनले असते, गोळी बी तूच बसवली. तुमी हो म्हनला असता तरच तिला किंमत हुती."

एवढं बोलून तो वळला. चौकटीपाशी थांबून म्हणाला, कड मात्र झकास मोडलीय. टोमणा नव्हता तो. मला टोमणा परवडला असता.

फळीवरचे प्लग त्यानं नेले नाहीत. नव्या भाडेकरूनं ते पोत्यात भरून भंगारात घातले. मी दारातून बघत होतो.

आता हे लिहितोय यात मर्दुमकी काही नाही. गेल्या निवडणुकीत रणजितच्या चुलत्यांचं पॅनेल पडलं. नव्या मंडळाचा लेथवाला वेगळा आहे, आणि शेवटचं बाकी राहिलेलं काम पोचवून माझं त्या कारखान्याशी नातं संपलं. म्हणजे आता माझं तोंड मोकळं आहे. ते कधी मोकळं झालं हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

ते शेवटचे बुश पोचवायला मी गेल्या हंगामात कारखान्यावर गेलो होतो. सकाळी दहाची वेळ. फाटकाबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची लांब रांग लागलेली. मी मोटरसायकल ढकलत कडेनं चाललो होतो आणि एका ट्रॅक्टरवर भानुदास दिसला. गळ्याजवळची गुंडी लावलेली. डोक्याला टॉवेल. मागं दोन ट्रॉल्या ऊस. त्यानं मला बघितलं आणि कुणाही ओळखीच्या माणसाला करावा तसा हात वर केला. मीही केला. थांबावं की जावं हे ठरेना, म्हणून थांबलो.

त्याच्या पुढच्या ट्रॅक्टरचं इंजिन चालू होतं आणि त्यात काहीतरी बिनसलं होतं. एक ठोका चुकायचा, मग आतून टणटण यायची. मलासुद्धा कळत होती. त्याचा ड्रायव्हर, विशीतला पोरगा, खाली उतरून बॉनेटभोवती घिरट्या घालत होता. तो भानुदासकडं येऊन म्हणाला, "अहो, जरा बघता का? कसला तरी आवाज यायलाय."

भानुदासची मान जराशी कलली. मी ती बघितली. कान त्या आवाजाकडं गेला, डोळे अर्धवट मिटले, स्टिअरिंगवरचा हात किंचित वर उचलला गेला. टणटण कुठून येते ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं, हे मी आज कुठल्याही चार लोकांत शपथेवर सांगेन.

मग तो हात त्यानं परत खाली ठेवला.

"मला न्हाई कळत त्यातलं," तो म्हणाला.

रांग पुढं सरकली. त्यानं गिअर टाकला आणि ट्रॉल्या घेऊन पुढं गेला. मी बुश पोचवले, पावती घेतली आणि केडगावला परत आलो.